नवऱ्यासाठी भेटवस्तू निवडताना

नवऱ्यासाठी भेटवस्तू निवडणे अवघड जाते, याचे मोठे कारण असे की आपला सगळा विचार वेष्टन उघडण्याच्या क्षणाभोवती फिरत राहतो. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल, तो किती चकित होईल, आजूबाजूचे काय म्हणतील, या हिशेबाने वस्तू ठरते. तो क्षण मिनिटभरात सरतो, वस्तू मात्र पुढे कित्येक महिने किंवा वर्षे त्याच्या हाताशी राहायची असते. जेफ गॅलाक, ज्युलियन गिव्ही आणि एलानॉर विल्यम्स या संशोधकांनी २०१६ साली भेटवस्तूंविषयीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना हीच तफावत दिसली: देणाऱ्याचे लक्ष देवाणघेवाणीच्या क्षणावर असते, तर घेणारा ती वस्तू जवळ बाळगण्यातून आणि वापरण्यातून काय मिळेल हे पाहतो. हे एकदा ध्यानात घेतले की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

म्हणून सुरुवात त्याच्या अगदी साध्या, कामाच्या दिवसापासून करावी. सकाळी तो कोणत्या वस्तू हाताळतो, बाहेर पडताना खिशात काय भरतो, कोणती वस्तू चालत नसतानाही चालवून घेतो, दुकानात काय हातात घेऊन पाहतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो, याकडे दोन-तीन आठवडे लक्ष द्यावे आणि आढळले ते लगेच फोनमध्ये टिपून ठेवावे. ऐन वेळी यातले काहीच आठवत नाही. जोल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भेटवस्तूची किंमत आणि घेणाऱ्याच्या लेखी असलेले तिचे मोल यांतली तूट दूरच्या नातलगांनी दिलेल्या भेटींमध्ये जास्त, तर मित्रांनी आणि जोडीदाराने दिलेल्या भेटींमध्ये कमी असल्याचे त्यात दिसले. सोबत राहण्यातून जी माहिती हाती येते, ती बाहेरच्या कुणाकडेही नसते. दुकानांच्या याद्यांकडे वळण्याआधी ती वापरावी.

ही माहिती कशी वाचायची, याचे उदाहरण म्हणून त्याचे जुने पाकीट पाहू. शिवण कुठे उसवली आहे, कोणते कप्पे ताणून सैल पडले आहेत, कोणते कप्पे कोरेच राहिले आहेत, नाण्यांचा फुगवटा दिसतो का, कार्डे मोजून किती आहेत, पाकीट मागच्या खिशात बसून बसून वाकले आहे की पुढच्या खिशात राहिल्याने सपाट आहे, हे सगळे त्या चामड्यावरच उमटलेले असते. ज्याच्याकडे मोजकीच कार्डे आहेत आणि जो पाकीट पुढच्या खिशात ठेवतो, त्याला दहा कप्प्यांचे जाड पाकीट दिले तर ते कपाटातच राहील. चामडे निवडताना 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावर विसंबू नये, कारण त्यातून ते खरे चामडे आहे इतकेच कळते, प्रत कळत नाही. 'फुल ग्रेन' म्हणजे कातड्याचा सर्वांत वरचा, न घासलेला थर. तो टिकतो आणि वापराने अधिक देखणा होतो. 'बॉण्डेड लेदर' हे चामड्याच्या चुऱ्यापासून चिकटवून केलेले असते आणि काही काळाने त्याचे पापुद्रे निघू लागतात.

अंगावर घालायच्या वस्तूंमध्ये मापाला सर्वाधिक महत्त्व आहे, आणि ते अंदाजाने कधीही घेऊ नये. शर्ट घ्यायचा असेल तर त्याला उत्तम बसणारा एक शर्ट सपाट अंथरून मोजावा: कॉलर उघडी पसरून बटणाच्या मध्यापासून काजाच्या पलीकडच्या टोकापर्यंत, आणि पाठीवर एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत. लेबलवरचा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, सेंटिमीटर मात्र सगळीकडे सारखेच. बाह्या आणि लांबी शिंप्याकडून कमी करून घेता येते, खांदा मात्र सहसा सुधारत नाही, म्हणून दोन मापांमध्ये अडकल्यास खांदा बसेल ते माप घ्यावे. अंगठीच्या बाबतीत त्याच बोटात बसणारी त्याची जुनी अंगठी नेणे हाच खात्रीचा मार्ग आहे, कारण आतल्या व्यासात एक मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात तीन मिलिमीटरहून अधिक फरक होतो आणि शिवाय उन्हाळ्यात बोटे थोडी फुगतातही. बूट तर त्याला सोबत नेऊनच घ्यावेत.

घड्याळ ही बहुतेकांना सर्वांत सोपी भेट वाटते. माझ्या मते ती सर्वांत जास्त विचार मागणारी आहे. मनगटाचा घेर, तबकडीचा व्यास आणि पट्टा अडकवायच्या वरच्या-खालच्या टोकांमधली लांबी या तिन्हींचा मेळ बसावा लागतो, कारण ती टोके मनगटाच्या बाहेर डोकावली की कितीही महागडे घड्याळ उसने आणल्यासारखे दिसते. पाण्यापासून संरक्षणाचे आकडेही फसवे असतात: ३० मीटर असे लिहिलेले घड्याळ हात धुताना उडणारे शिंतोडे सहन करते, पण पोहण्यासाठी ते नाही, पोहणाऱ्यासाठी निदान १०० मीटरचे पाहावे. त्याच्याकडे आधीपासून आवडते घड्याळ असेल तर दुसरे घेण्यापेक्षा त्याच घड्याळासाठी चांगला पट्टा घेणे मला अधिक योग्य वाटते. त्यासाठी पट्टा ज्या दोन टोकांमध्ये अडकतो त्यांच्यातले आतले अंतर मोजावे. ते बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते, आणि एका मिलिमीटरची चूकही इथे चालत नाही.

परफ्यूमचा निर्णय दुकानातल्या कागदी पट्टीवर घेऊ नये. पहिल्या काही मिनिटांत जाणवणारा वास लवकर उडून जातो आणि तासाभराने जो उरतो, तोच दिवसभर सोबत राहतो. शिवाय प्रत्येकाच्या त्वचेवर तो थोडा वेगळा खुलतो. 'ओ द त्वालेट'मध्ये सुगंधी अर्काचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के आणि 'ओ द पार्फम'मध्ये साधारण १५ ते २० टक्के असते, त्यामुळे दुसरा प्रकार जास्त वेळ टिकतो. छोटी बाटली घ्यावी, आणि ज्याला तीव्र वासाने डोके दुखण्याचा त्रास आहे त्याच्यासाठी हा विषयच सोडून द्यावा.

छंदाशी संबंधित भेटीत एक पथ्य पाळावे. ज्या विषयात तो तुमच्यापेक्षा जास्त जाणकार आहे, त्यातले मुख्य साधन त्याला न विचारता घेऊ नये. कॅमेऱ्याची लेन्स ठरावीक जोडणीच्याच कॅमेऱ्याला बसते, रॅकेटचे वजन आणि मुठीची जाडी ज्याची त्याला ठाऊक असते, आणि त्या निवडीत बराच काळ घालवणे हाच पुष्कळदा त्याच्या आनंदाचा भाग असतो. त्याऐवजी जे संपते, झिजते, पण जे वरच्या प्रतीचे घ्यायला त्याचा हात आखडतो, ते घ्यावे: वाद्य वाजवणाऱ्यासाठी तो वापरतो त्याच जाडीच्या पण अधिक चांगल्या तारा, अवजारे ठेवायची नीट कप्पे असलेली पेटी, धावणाऱ्यासाठी उत्तम मोजे. चित्रे काढणाऱ्याला जाड, खरोखर चांगला कागद मिळाला की तो ज्या जपणुकीने त्यावर हात फिरवतो, ते पाहण्यासारखे असते.

'मला काही नको' हे उत्तर बहुतेक घरांत ऐकू येते, आणि त्यावर रागावण्याआधी त्यामागचे कारण शोधावे. काही जण लागेल ते वेळच्या वेळी स्वतःच घेतात; त्यांना वस्तूची खरोखर गरज नसते आणि त्यांच्यासाठी वर सांगितलेली संपणारी, झिजणारी वस्तू किंवा एखादा अनुभव बरा. काहींना घरखर्चाच्या एकत्र पैशातून स्वतःवर खर्च झालेला सोसत नाही. अशा वेळी दोघांनी आधीच बसून भेटींसाठी एक मर्यादा ठरवावी, म्हणजे भेट उघडताना त्याच्या मनात हिशेब सुरू होत नाही. आणि काहींना वस्तूंची अडगळच नको असते. ते जे म्हणतात तेच त्यांच्या मनात असते, त्यांचे ऐकावे.

थेट विचारल्याने भेटीतली आपुलकी कमी होते, असे मला वाटत नाही. फक्त प्रश्न नेमका असावा. 'तुला काय हवे?' याला उत्तर सुचत नाही. 'रोजच्या वापरातली कोणती वस्तू तुला सगळ्यात जास्त वैताग देते?' किंवा 'घ्यायचे म्हणून किती दिवस राहून गेलेय असे काय आहे?' याला सुचते. त्याने एखादी वस्तू नाव घेऊन सांगितली तर तीच घ्यावी. आपल्या मते तिच्याहून सरस असलेली दुसरी घेण्याचा मोह होतो, पण तसे केले की त्याने विचारपूर्वक केलेली निवड आपण बाजूला सारलेली असते.

अनुभवाच्या भेटीचाही विचार जरूर व्हावा. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिल्नर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनुभवरूपी भेटींमुळे देणारा आणि घेणारा यांच्यातले नाते वस्तूंपेक्षा अधिक घट्ट होते असे आढळले, आणि विशेष म्हणजे तो अनुभव दोघांनी मिळून घेतला नसला तरीही हा परिणाम दिसला. म्हणून जुन्या मित्रांसोबत घालवायचा एक पूर्ण दिवस हीदेखील नवऱ्यासाठी उत्तम भेट ठरू शकते. मात्र 'कधीतरी जाऊ' असे लिहिलेली चिठ्ठी ही भेट होत नाही. तारीख, तिकिटे, रजा, त्या दिवशी मुलांना किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना कोण पाहील, या सगळ्याची तजवीज तुम्ही आधीच केलेली असावी; त्याच्या वाट्याला फक्त निघणे उरावे.

काही भेटी टाळाव्यात. वजनकाटा, व्यायामशाळेचे सभासदत्व, राग आवरण्यावरचे पुस्तक या गोष्टी त्याने स्वतः मागितल्या नसतील तर त्यांतून त्याला तक्रारच ऐकू येते. सगळ्या घराला लागणारे यंत्र हा घराचा खर्च आहे, तो त्याच्या नावावर टाकू नये. पाळीव प्राण्याचा निर्णय तर दोघांनी मिळूनच घ्यायचा असतो.

वेष्टन साधे असले तरी चालते. सोबत हाताने लिहिलेल्या चार ओळी द्याव्यात आणि त्यांत ही वस्तू का निवडली ते नेमके सांगावे, कारण त्याच्या दिवसातली एखादी बारीक गोष्ट तुम्ही टिपली होती, हे त्याला त्यातूनच कळणार असते. पावती जपून ठेवावी. बदलून देण्याची मुदत बहुधा खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे महिनाभर आधी घेतलेल्या वस्तूची मुदत भेट देण्यापूर्वीच संपलेली असू शकते; घेतानाच हे विचारून घ्यावे. आणि बदलून घ्यायची असल्यास आपल्याला वाईट वाटणार नाही, हे त्याला भेट देतानाच स्पष्ट सांगावे, म्हणजे न बसणारा शर्ट तो केवळ तुमचे मन राखण्यासाठी घालत राहणार नाही.