बाळाचं डोकं एका बाजूने चपटं झालंय? हेल्मेट लावायच्या आधी आणि नंतर

आधी पिडियाट्रिशियनला दाखवा, कारण कवटीचे सांधे लवकर जुळले असतील तर ती केस वेगळी, तिथे हेल्मेट (वाढत्या डोक्याला गोल आकार यावा म्हणून बाळाला घालायची खास कडक टोपी) पहिला उपाय नसतो. मान एकाच बाजूला वळत असेल तर फिजिओथेरपी लागते, नाहीतर बाळ परत त्याच बाजूवर झोपणार. चार महिन्यांच्या आत असेल तर आधी जागेपणी पोटावर ठेवा, कडेवर घ्यायची बाजू बदला, खुळखुळा दुसऱ्या बाजूने वाजवा. झोपवायचं मात्र पाठीवरच! आणि आजी मोहरीची उशी शिवून देईल, डोकं दाबून गोल करायला सांगेल, तर प्रेमाने नाही म्हणा.

हेल्मेट साधारण ४ ते ६ महिन्यांत सुरू करतात, डोकं स्कॅन करून मापाने बनतं, दिवसाचे २३ तास घालायचं, उरलेल्या तासात अंघोळ आणि साफसफाई. पहिले काही दिवस तास हळूहळू वाढवतात. काढलं की कातडी बघा, लाल डाग तासाभरात गेला नाही तर घासतंय, लगेच फिटिंग बदलून घ्या. तेल, पावडर काही लावू नका, घामाने आतून वास मारतो म्हणून रोज पुसून पूर्ण सुकवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पंख्याखालीच. ताप आला तर काढा आणि डॉक्टरांना फोन करा.

खर्च बराच येतो, आणि २०१४ च्या डच अभ्यासात मध्यम ते तीव्र चपटेपणात हेल्मेट लावलेल्या आणि न लावलेल्या बाळांमध्ये खास फरक दिसला नव्हता, त्यामुळे थोडंसंच चपटं असेल तर मी तरी घाई करणार नाही.