उतारावरच्या प्लॉटची लेव्हल कशी घ्यावी: चेंज पॉइंट सांभाळला तरच आकडे खरे

पुण्यातल्या बावधन-सूसच्या उतारावरचा प्लॉट असो की मांजरीकडची सपाट दिसणारी काळी जमीन, नकाशा पक्का होण्याआधी दोन गोष्टी कळायलाच हव्यात: जोतं रस्त्याच्या किती वर ठेवायचं आणि घरातलं सांडपाणी महापालिकेच्या चेंबरपर्यंत आपल्या उताराने जाईल का. मोबाइलच्या जीपीएसवर हे ठरवू नका, उंचीत तो कित्येक मीटर चुकतो. गवंड्याची पाण्याची नळी खोलीच्या चार भिंतींपुरती उत्तम असते. प्लॉटला मात्र ऑटो लेव्हल (स्टँडवर बसणारी, आडव्या रेषेत पाहणारी दुर्बीण) आणि स्टाफच (आकडे लिहिलेली उंच पट्टी) लागतो. पुण्यात दोन्ही दिवसाच्या भाड्याने मिळतात.

"यंत्र लावा, वाचा, वजा करा" एवढ्यावर थांबणारी माहिती सगळीकडे सापडते. यंत्र न हलवता काम होत असेल तर ती पुरते. पण उतारावर यंत्र हलवावंच लागतं, आणि लेव्हल बिघडते ती नेमकी तेव्हा.

१. टीबीएम ठरवा

टीबीएम म्हणजे टेम्पररी बेंचमार्क, ज्यापासून सगळ्या उंच्या मोजायच्या ती खूण. काम संपेपर्यंत हलणार नाही असा पक्का बिंदू निवडा: शेजारच्या जुन्या इमारतीच्या जोत्याचा कोपरा, रस्त्याखालच्या मोरीचा काँक्रीटचा कठडा. रंगाने खूण करा, फोटो काढा आणि त्याला १००.००० मीटर ही मानीव उंची द्या. रस्त्याचा पृष्ठभाग घेऊ नका, पुढच्या वर्षी त्यावर डांबराचा थर चढतो. चेंबरचं झाकणही नको, ते डुगडुगतं.

प्लॉट मुळा-मुठेच्या काठी असेल तर मानीव १०० चालणार नाही. निळी आणि लाल पूररेषा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत असते, त्यामुळे जलसंपदा विभागाच्या किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कपासूनच (उंची ठरवून दिलेल्या खुणेपासूनच) लेव्हल आणावी लागते. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवरचा उंचीचा आकडा यासाठी वापरू नका. तो स्थानकातल्या नेमक्या कोणत्या बिंदूचा, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

२. यंत्र लावा

स्टँडचे पाय जमिनीत रोवा, यंत्राच्या तळाच्या फूट स्क्रूने बबल मध्ये आणा, क्रॉसहेअर (दुर्बिणीतल्या आडव्या-उभ्या रेषा) ठळक दिसेपर्यंत डोळ्याजवळचा आयपीस फिरवा.

३. रीडिंग घ्या

मधल्या आडव्या रेषेवर मिलिमीटरपर्यंत वाचा. तिच्या वरची आणि खालची छोटी रेषाही (स्टेडिया रेषा) वाचा. दोन्हींची सरासरी मधल्या रीडिंगशी जुळली नाही की वाचण्यातली चूक तिथेच पकडली जाते, आणि दोन्हींतला फरक गुणिले १०० केलं की स्टाफपर्यंतचं अंतर मिळतं. हे अंतर पुढे फार उपयोगाला येणार आहे.

एप्रिल-मेमध्ये अकराच्या आत काम उरका. नंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि स्टाफच्या तळाचे आकडे नाचायला लागतात. स्टाफच्या खालच्या अर्ध्या मीटरमधलं रीडिंग शक्यतो टाळाच.

टेलिस्कोपिक स्टाफ उघडताना प्रत्येक बटण खट्‌ आवाज करून बसलं का, हे स्वतः बघा. न बसलेल्या बटणामुळे सांध्याच्या वरचं प्रत्येक रीडिंग चुकतं आणि खालचं बरोबर येतं, त्यामुळे ही चूक लवकर सापडत नाही.

४. चेंज पॉइंट

नियम ऐकायला सोपा आहे. यंत्र हलवण्याआधी पुढच्या एका बिंदूवर (हाच चेंज पॉइंट) शेवटचं रीडिंग घ्यायचं, ते फोरसाइट. यंत्र पुढे न्यायचं आणि त्याच बिंदूवर पहिलं रीडिंग घ्यायचं, ते बॅकसाइट. मधल्या वेळात बिंदूची उंची तसूभर बदलता कामा नये. ती बदलली तर पुढची प्रत्येक लेव्हल तेवढ्यानेच चुकते आणि गणित मात्र बिनचूक दिसतं.

बिंदू टणक आणि वर उंचवटा असलेला हवा, म्हणजे स्टाफ एकाच जागी टेकतो. जमिनीतून डोकावणारा काळा पाषाण किंवा डांबरात ठोकलेला मोठ्या डोक्याचा खिळा सर्वांत चांगला. भराव घातलेल्या मुरमावर आणि काळ्या मातीवर स्टाफ थेट कधीच ठेवू नका. ओल्या काळ्या मातीत तो नुसत्या वजनाने काही मिलिमीटर रुततो. अशा ठिकाणी लोखंडी फूटप्लेट पायाने दाबून बसवा आणि तिच्या उंचवट्यावर स्टाफ धरा. विटेचा तुकडा चालत नाही, स्टाफ फिरवताना तो कलंडतो.

यंत्र हलत असताना स्टाफ जागच्या जागी फिरवायचा आणि तोंड नव्या बाजूला करायचं. स्टाफ धरणाऱ्याला हे कामाच्या आधी सांगा. खांद्यावर स्टाफ टाकून सावलीत गेलेला माणूस "इथेच होता" म्हणत परत ठेवतो, तेव्हा ती जागा दोन बोटं बाजूला असते. तसं झालं तर अंदाजाने पुढे जाऊ नका, मागच्या पक्क्या बिंदूपासून पुन्हा सुरू करा.

स्टाफ उभा धरायला त्यावर गोल बबल लावा. तीन मीटर उंचीवर स्टाफ दहा सेंटीमीटर कलला तर रीडिंग सुमारे १.७ मिलिमीटरने वाढतं. ते नेहमी वाढतंच, कमी कधी होत नाही. बबल नसेल तर स्टाफ सावकाश पुढे-मागे झुलवायला सांगा आणि सर्वांत कमी दिसलेला आकडा लिहा.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हेच बहुतेकजण सोडून देतात: बॅकसाइट आणि फोरसाइटचं अंतर सारखं ठेवा. कोणत्याही ऑटो लेव्हलची दृष्टिरेषा अगदी आडवी नसते. भाड्याच्या यंत्रात तर ती दर १० मीटरला १ मिलिमीटर वर किंवा खाली असू शकते. दोन्ही अंतरं सारखी असली की दोन्ही रीडिंगमध्ये सारखीच चूक येते आणि वजाबाकीत ती उडून जाते.

उतारावर मात्र अंतरं आपोआप बिघडतात. दुर्बीण जमिनीपासून दीड मीटरवर असते. मागे चढाकडे पाहताना तेवढ्याच उंचीत दृष्टिरेषा स्टाफच्या तळाला पोचते. पुढे उताराकडे चार मीटरच्या स्टाफवर अडीच मीटरपर्यंत खाली जाता येतं. त्यामुळे पुढचं अंतर मागच्याच्या दीडपटीहून जास्त होतं, आणि हे प्रत्येक ठिकाणी त्याच दिशेने घडतं. दर वेळी २० मीटरचा फरक आणि आठ वेळा यंत्र हलवलं, तर १६ मिलिमीटर गेले.

"परत टीबीएमवर क्लोज केलं की कळेल", म्हणजे फेरी टीबीएमवर संपवून उंची जुळते का पाहिलं की चूक सापडेल, असं समजू नका. वर परत येताना बॅकसाइट लांब होते आणि फोरसाइट जवळ, म्हणजे चूक उलट्या चिन्हाने येते. उतरताना गेलेले १६ मिलिमीटर चढताना भरून निघतात, क्लोजिंग शून्य दाखवतं आणि खालच्या चेंबरची लेव्हल मात्र चुकलेलीच राहते.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला: यंत्र सरळ खाली नेऊ नका, उताराच्या आडव्या अंगाने तिरकं न्या, म्हणजे मागचं अंतर वाढवता येतं. स्टेडियाने दोन्ही अंतरं तपासा, तीन मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर जागा बदला. एका बाजूला पन्नास मीटरच्या पुढे जाऊच नका. दुसरा: यंत्र भाड्याने घेतल्यावर पहिल्यांदा टू पेग टेस्ट घ्या. सपाट जागी ६० मीटरवर ए आणि बी या दोन खुंट्या ठोका. बरोबर मधून वाचा: ए १.४३२, बी १.१८७, खरा फरक ०.२४५. मग त्याच रेषेत ए-च्या मागे पाच मीटरवर यंत्र लावा. ए-वर १.५१८ आलं, तर बी-वर १.२७३ यायला हवं. १.२७९ आलं, तर ६० मीटरला ६ मिलिमीटर चूक आहे. तीनपेक्षा जास्त आली तर यंत्र परत करा. दुरुस्तीचा स्क्रू साइटवर फिरवू नका.

५. फील्ड बुक

रीडिंग जागेवरच लिहा, पेनाने. चूक झाली तर काट मारा, खोडरबर नको. टीबीएमवर बॅकसाइट १.४८५, म्हणून एचआय (दृष्टिरेषेची उंची) १०१.४८५. प्लॉटचा वरचा कोपरा १.१२०, आरएल (बिंदूची उंची, म्हणजे एचआय वजा रीडिंग) १००.३६५. चेंज पॉइंटवर फोरसाइट २.७६०, आरएल ९८.७२५. यंत्र हलवून त्याच बिंदूवर बॅकसाइट ०.९३५, नवा एचआय ९९.६६०. घराच्या मागच्या कोपऱ्याची जमीन १.०२०, आरएल ९८.६४०. चेंबरचा तळ २.२१५, आरएल ९७.४४५. दुसऱ्या चेंज पॉइंटवर फोरसाइट १.९०५, आरएल ९७.७५५.

बॅकसाइटची बेरीज २.४२०, फोरसाइटची ४.६६५, फरक उणे २.२४५. शेवटचा आरएल वजा पहिला, तोही उणे २.२४५. एवढ्यावर खूश होऊ नका. ही पडताळणी फक्त बेरीज-वजाबाकीची आहे. चेंबरचा तळ हे इंटरमिजिएट (बॅकसाइट आणि फोरसाइटच्या मधलं) रीडिंग तिच्यात येतच नाही, आणि सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच आहे. म्हणून तो यंत्राच्या पुढच्या जागेवरून पुन्हा वाचा. स्टाफ वरूनच सोडा, चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नका, आत विषारी वायू असतो.

६. क्लोज करा

परत टीबीएमवर या. चालेल इतकी चूक मिलिमीटरमध्ये: १२ गुणिले एकूण अंतराचं (किलोमीटरमध्ये) वर्गमूळ. २५० मीटरच्या फेरीला ६ मिलिमीटर. त्याच्या आत असेल तर जितके वेळा यंत्र लावलं तितक्या भागांत वाटून टाका. बाहेर गेली तर वाटू नका, पुन्हा घ्या.

७. उतार काढा

घर ते चेंबर ३८ मीटर, १५० मिलिमीटरच्या पाइपला १०० मीटरला १ मीटर उतार धरला, तर ०.३८० मीटर लागतात. चेंबरकडे पाइपचा तळ ९७.४४५, घराकडे ९७.८२५. तिथली जमीन ९८.६४० आहे, म्हणजे खोदाई ८१५ मिलिमीटर, शिवाय पाइपखालच्या बेडिंगची (अंथरलेल्या थराची) जाडी. कंत्राटदाराला हे आकडे टीबीएमच्या फोटोसह लिहून द्या.