जलरंगात गुलाब रंगवताना कागदाची चमक कशी ओळखावी

जलरंगात फूल रंगवायला बसलेल्या माणसाला बहुतेक जण एकच सांगतात: कागद ओला करा, रंग सोडा, बाकीचं पाणी बघून घेतं. या सल्ल्यापायी किती महागडे कागद वाया जातात ते मी दर वर्गात बघते. पाणी जास्त ओलीकडून कमी ओलीकडे धावतं आणि जाताना रंग ढकलत नेतं. गुलाबाची पाकळी मऊ दिसणार की डागाळणार, हे त्या धावण्यावरच ठरतं. ते हातात आणता येतं, पण त्यासाठी कागद वाळताना बघायला शिकावं लागतं. लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे, बाकीचं पटकन उरकू.

फूल, कागद, रंग

मुघल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. गुलाब इथे आजही सहज मिळतो, गणेशवाडीच्या फुलबाजारात सकाळी लवकर गेलात तर ताजा मिळतो. सुरुवातीला दिंडोरी भागातल्या पॉलिहाउसचा लांब दांड्याचा गुलाब घ्या. पाण्यात ठेवला की तो दिवसभर फारसा बदलत नाही. गावठी गुलाब मला जास्त आवडतो, पण तो टेबलावर भराभर उमलतो आणि तुमचं रेखाटन आणि समोरचं फूल जुळेनासं होतं. रंग गुलाबीच निवडा. लाल फुलात सावली दाखवताना नवा हात हमखास चिखल करतो.

कागद 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत. पैसे वाचवायचे तर रंगांत वाचवा, ब्रशात वाचवा, कागदात नको. चित्रकलेच्या वहीचा कागद पाणी धरून ठेवत नाही आणि फुगतो, त्यामुळे खालचा टप्पा त्यावर शिकताच येत नाही. पूर्ण कागद परवडत नसेल तर एका कागदाचे चार तुकडे करा.

गोल ब्रश दोन पुरेत, आठ नंबर आणि चार नंबर. गुलाबीसाठी क्विनाक्रिडोन रोज घ्या, ट्यूबवर पीव्ही 19 (PV19) हा रंगद्रव्याचा क्रमांक बघून. जुन्या पद्धतीचा अलिझारिन क्रिमसन, म्हणजे पीआर 83, उजेडात फिका पडतो. ऑपेरा पिंक दिसायला झगझगीत, पण तोही टिकत नाही. सोबत लेमन यलो, अल्ट्रामरीन आणि सॅप ग्रीन. पांढऱ्याची ट्यूब डब्यातच राहू द्या. जलरंगात पांढरा म्हणजे कागद.

रेखाटन

एचबी पेन्सिल, हलका हात. आधी फुलाचा बाहेरचा आकार, मग मधला गुंडाळा, मग बाहेरच्या पाकळ्या. प्रत्येक सुरकुती काढू नका. पेन्सिलीवर रंग चढला की ती नीट खोडली जात नाही, म्हणून गडद रेघा आधीच रबराने टिपून घ्या.

पाकळी ओली करणं आणि रंग सोडणं

याच टप्प्यावर मी सगळ्यात जास्त काळ अडले होते, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण इथेच अडतात.

आख्खं फूल एकदम ओलं करू नका. एका वेळी एकच पाकळी, आणि ती पूर्ण वाळेपर्यंत तिला चिकटलेली शेजारीण तशीच सोडायची. बोर्डाखाली मागच्या बाजूला एखादं पुस्तक ठेवून थोडा उतार द्या. स्वच्छ पाण्याने पाकळी रेघेच्या आत भिजवा. ते पाणी कागदात जिरू द्या आणि पुन्हा एकदा भिजवा. ही दुसरी वेळ कोणी सांगत नाही. पहिलं पाणी कागद पितो, दुसरं वर राहतं आणि तुम्हाला काम करायला वेळ देतं.

आता ब्रश खाली ठेवा. मान वाकवून कागदाच्या पातळीवर या आणि खिडकीच्या दिशेने पाकळीकडे बघा. वरून बघून ओल कळत नाही.

आधी पाणी तरळत असतं, त्यात खिडकीची चौकट दिसते. यात रंग सोडलात तर तो वाटेल तिकडे जाईल. थांबा, किंवा ब्रश फडक्यावर टिपून खालच्या कडेचं साचलेलं पाणी उचलून घ्या. थोड्या वेळात चौकट विरते, चमक सगळीकडे सारखी होते आणि कागदाचे दाणे उठून दिसू लागतात. हीच वेळ. पाकळीच्या बुडाशी गुलाबी सोडा आणि कडेकडे जाऊ द्या. कडेजवळचा भाग कोरा ठेवा, रंग तिथवर आपोआप फिका होत पोचतो. बुडाशी लेमन यलोचा एक हलका ठिपका दिलात तर आतून उजेड आल्यासारखा वाटतो.

मग चमक मंदावते, रेशमी कापडावर असते तशी होते. आता फक्त घट्ट रंग, जवळजवळ पाण्याशिवाय. दुमडीतली गडद छटा इथे लावली की तिची कड मऊ राहते. एकदोन फटकारे, बस.

शेवटी चमक जाते. कागद वाळल्यासारखा दिसतो, पण बोटाची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. या अवस्थेत पाकळीला हात लावायचा नाही. काही राहिलं असेल तरी नाही, कड सुधारायची असेल तरी नाही. आतली ओल अजून गेलेली नसते. त्यावर ओला ब्रश टेकला की नवं पाणी अर्धवट वाळलेल्या रंगात घुसतं, रंगाचे कण पुढे रेटतं आणि कडेला नेऊन टाकतं. तिथे कातरलेल्या कडेचा डाग उमटतो, त्यालाच सगळे कॉलीफ्लॉवर म्हणतात. मी आजवर बघितलेले निम्म्याहून अधिक बिघडलेले गुलाब याच मिनिटात बिघडलेले आहेत.

या सगळ्यासाठी नियम एकच: कागदात जेवढं पाणी आहे त्याहून ब्रशात कमी हवं. रंग उचलला की ब्रशाचं पोट, म्हणजे पत्र्याच्या टोपीलगतचा फुगीर भाग, सुती फडक्याला टेकवा. टोक टेकवू नका, टोकाचा रंग जाईल. पाणी पोटात असतं. ही सवय लागेपर्यंत फूल रंगवू नका, कागदाच्या तुकड्यांवर नुसत्या पाकळ्या काढा.

डाग पडलाच तर ओल्यात पुसायला जाऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग ओलसर ब्रशाने फक्त त्याची कड हलकेच मऊ करा आणि टिपा. क्विनाक्रिडोन कागदाला धरून बसतो, पूर्ण निघणार नाही. उरलेला भाग दुमडीच्या सावलीत घ्या.

नाशिकचं हवामान

एप्रिल-मेच्या दुपारी पंख्याखाली बसलात तर चमकेच्या सगळ्या पायऱ्या बघता बघता निघून जातात. सकाळी बसा, पंखा बंद ठेवा. पाण्याच्या भांड्यात ग्लिसरीनचे दोनतीन थेंब टाकले तर वाळणं लांबतं, उन्हाळ्यात ते चालतं. पावसाळ्यात अजिबात नको, कागद चिकट राहतो. आषाढ-श्रावणात उलट त्रास: कागद वाळतच नाही आणि मग लोक हेअर ड्रायर काढतात. ओल्या रंगावर ड्रायर मारला की हवा रंग ढकलते, कडा आधी वाळतात आणि रेघा पडतात. चमक पूर्ण गेल्यावर, हातभर लांबून मारा, त्याआधी नाही. त्यापेक्षा पावसाळ्यात दोन चित्रं शेजारी ठेवून काम करा. एक वाळेपर्यंत दुसरं.

सावल्या

पूर्ण वाळल्यावर, म्हणजे बोटाला गार लागेनासा झाल्यावर, दुसरा थर. गुलाबीत किंचित सॅप ग्रीन किंवा अल्ट्रामरीन मिसळा. काळा वापरू नका, त्याने गुलाब कोमेजलेला दिसतो. सगळ्यात गडद जागा एकच, मधल्या गुंडाळ्याची फट. बाकी सावल्या तिच्याहून फिक्या हव्यात. रंग वाळल्यावर उतरतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे. उजेडाच्या बाजूला एकदोन कडा मागच्या कोऱ्या कागदात विरू द्या.

पानं आणि देठ

गुलाबाचं पान सुटं नसतं, एका दांडीवर बहुधा पाच किंवा सात पर्णिका असतात आणि कडा करवती असतात. फुलाखाली हिरव्या निदलांच्या पाच पट्ट्या, त्यांची टोकं खाली वळलेली. एवढं बघून काढलंत तर पुरे. हिरवा सरळ ट्यूबमधून लावू नका, थोडा गुलाबी मिसळला की तो फुलाशी जुळतो.

चित्र फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरतो. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका.