एकच चूक, पण दोन वेगळी पोरं: वर्गात फरक कसा ओळखायचा

तिसरीच्या पोरांना ५२ वजा १७ द्या, हमखास दोघंतिघं ४५ लिहितात आणि आपण लाल पेनाने फुली मारून मोकळे. पण थांबा जरा. एकाने ७ मधून २ वजा केलेत, कारण लहानातून मोठा जात नाही एवढंच त्याला माहितीये. दुसऱ्याने दशक सुटा करून १२ मधून ७ बरोबर काढले, फक्त ५ चे ४ करायला विसरला. उत्तर सेम!

मग ६४ वजा २८ द्या. पहिला ४४ लिहील, दुसरा ४६. पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे देऊन एक गठ्ठा सुटा करायला लावा, दुसऱ्याला नुसतं सुटा केलेला दशक खोडायची सवय लावा, त्याला परत सगळं शिकवलं तर तो कंटाळणारच ना.

काही पोरं दुकानातला हिशोब तोंडी फटाफट करतात आणि वहीत अडकतात, त्यांना आधी नोटा-नाणी द्या. कोणी बावन्न ऐकून २५ लिहितं, तिथे वजाबाकीचा प्रॉब्लेमच नाही.

आणि "कसं केलंस सांग" हे बरोबर उत्तरवाल्यालाही विचारा, नाहीतर विचारलं म्हणजे चुकलंच असं समजून पोरं लगेच खोडरबर काढतात.