पीएम किसानचे पैसे परत मागणारी नोटीस आली, तर

तहसीलची नोटीस आली की गावात दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला, "भरून टाक बाप्पा, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढते." दुसरा, "फाडून फेक, कोणी काही करत नाही." दोन्ही सल्ले देणाऱ्यांना स्वतःला नोटीस आलेली नसते. घाबरून भरलेले पैसे परत मिळवणं महाकठीण, आणि फाडलेल्या नोटिशीची मुदत काही थांबत नाही. नोटिशीमागचं कारण आणि हप्त्यांचा हिशेब लेखी हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नका, आणि उत्तर दिल्याशिवाय मुदत जाऊ देऊ नका.

नोटीस घेताना सहीखाली त्या दिवसाची तारीख टाका. घ्यायला नकार देण्यात शहाणपणा नाही; दाराला चिकटवली तरी ती बजावली असंच धरतात.

कारण कोणतं ते शोधा

बऱ्याच नोटिशींत फक्त "अपात्र लाभार्थी" एवढंच असतं. अपात्रता एका प्रकारची नसते, आणि तुमचं उत्तर कारणावर ठरतं. ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली, पहिला हप्ता डिसेंबर २०१८ पासूनच्या काळाचा धरला. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची मुलं. ही व्याख्या पाठच करा, कारण अर्ध्या भांडणांचं मूळ तिथंच आहे. मुलगा नागपूरला सरकारी नोकरीत आणि नोटीस वडिलांना, हा प्रकार नेहमीचा. मुलगा सज्ञान आहे, वावर वडिलांच्या नावावर आहे, मग मुलाची नोकरी वडिलांना अपात्र करत नाही. जिल्हा परिषदेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेल्यालाही "सरकारी कर्मचारी" म्हणून धरतात. गट ड आणि चतुर्थ श्रेणीला नियमातच सूट आहे. बाकीच्या निवृत्तांसाठी रेषा महिना १०,००० रुपये पेन्शनची.

उलट काही ठिकाणी वाद घालण्यात अर्थ नाही. नवरा-बायको दोघांच्या नावावर हप्ते आले असतील, तर एकाचे परत जाणारच. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेऊन नाव लावलं असेल तर लाभ बसत नाही; मालकाच्या मृत्यूमुळे वारसाहक्कानं आलेली जमीन मात्र चालते. मक्त्या-बटईनं वाहणाऱ्या कास्तकाराला ही योजना मुळातच नाही, हा अन्याय आहे असं माझं मत, पण त्यावर तहसीलदारासमोर भाषण करून उपयोग नाही. वडील वारल्यानंतर खात्यात आलेले हप्ते परत करा, आधीचे नाही. मृत्यूचा दाखला जोडून दोन्हीमधली रेष कागदावर दाखवा.

आयकरदाता म्हणून नोटीस असेल तर

सगळ्यात जास्त घोळ इथं आहे. मलाही सगळ्यात जास्त याच टप्प्यानं छळलं, कारण टेबलावरच्या माणसाकडे आलेल्या यादीत तुमच्या नावापुढे एकच शब्द असतो, "आयकरदाता". कोणत्या वर्षाचा, किती कर, ते त्यालाही सांगता येत नाही.

नियमाचे शब्द असे आहेत: मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरला असेल तर अपात्र. कर भरला असेल तर. विवरणपत्र भरलं असेल तर नव्हे. ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जासाठी बँकेनं तीन वर्षांचं रिटर्न मागितलं, तालुक्याच्या गावच्या कन्सल्टंटनं ते भरून दिलं आणि कर निघाला शून्य, असे कास्तकार आमच्या भागात कितीतरी आहेत. रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन गोष्टी आहेत, आणि तुमच्या अर्जातलं पहिलं वाक्य हेच असायला हवं.

मग पुरावा. कन्सल्टंटचं "यांना कर लागू नाही" असं पत्र नेऊ नका. खाजगी माणसाच्या लेटरहेडला फाइलमध्ये वजन नसतं. आयकर खात्याकडून रिटर्न तपासल्यावर येणारी कलम १४३(१) ची सूचना न्या. त्यात देय कर किती, परतावा किती हे खात्यानं स्वतः लिहिलेलं असतं. ती ईमेलवर येते, आणि तो ईमेल बहुतेक वेळा कन्सल्टंटचाच असतो. त्याच्याकडून प्रिंट काढून घ्या, तो टाळाटाळ करेल, तिथून हलू नका. सोबत फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या-भरलेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा, ठेवा.

मुदत ठेवीच्या व्याजावर बँकेनं टीडीएस कापला असेल तर जरा सांभाळून. रिटर्न भरून तो परत मिळाला असेल तर शेवटी कर शून्यच, आणि १४३(१) च्या कागदावर ते दिसतं. रिटर्नच भरलं नसेल, तर कापलेली रक्कम सरकारकडेच पडून आहे आणि "मी कर भरला नाही" हे म्हणणं लंगडं पडतं. अशा वेळी खोटं रेटू नका.

आता वर्षांचा गुंता. करनिर्धारण वर्ष २०२०-२१ म्हणजे १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२० ची कमाई. हे कारकुनाला उलटंसुलटं होतं, कास्तकाराला तर होतंच. एखाद्यानं एकाच वर्षी कर भरला असेल आणि वसुली पहिल्या हप्त्यापासून मागितली असेल, तर "कोणत्या करनिर्धारण वर्षाच्या करामुळे कोणता हप्ता परत मागता" हा प्रश्न लेखी विचारा. तोंडी विचारलं तर "वरून यादी आली" एवढंच उत्तर मिळतं. लेखी विचारलं की फाइल वर पाठवावी लागते. आणि खरोखर कर भरला असेल, तर त्या वर्षाचे हप्ते तुमचे नाहीत. तेवढे परत करायची तयारी अर्जातच दाखवा. तसं केल्यावर बाकीच्या वर्षांबद्दलचं तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं.

मोबाईलवर फिरणारा एक सल्ला मात्र डोक्यातून काढा: "सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलंय, जास्त दिलेले पैसे वसूल करता येत नाहीत." तो पंजाबच्या प्रकरणातला निकाल सरकारी कर्मचाऱ्यांना चुकून जास्त दिलेल्या पगाराबद्दल आहे. योजनेच्या हप्त्यासाठी तो जोडलात तर तुमच्या चांगल्या मुद्द्यांकडेही कोणी गंभीरपणे बघणार नाही.

हप्ते मोजा

नोटिशीतली रक्कम आणि तुमच्या खात्यात आलेली रक्कम जुळतेच असं नाही. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं तुम्ही रोज वापरता तेच असेल असं नाही. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. सर्व खात्यांचं डिसेंबर २०१८ पासूनचं स्टेटमेंट काढा. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं जुनं पासबुक असेल तर गोंधळू नका. १ मे २०२५ पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, स्टेटमेंट तिथंच मागा. हप्ते परत गेलेले असतात, अडकलेले असतात. न मिळालेला हप्ता परत कसा करणार?

राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी पीएम किसानच्याच लाभार्थ्यांना मिळते. दोन्हीची रक्कम एकत्र मागितली असेल तर वेगवेगळी करून मागा.

अर्ज

एका पानाचा पुरतो. असा:

"आपल्या दि. … च्या नोटिशीच्या अनुषंगाने विनंती की, (१) मला अपात्र ठरविण्याचे नेमके कारण व त्याचा आधार, (२) हप्तानिहाय तारीख, रक्कम व बँक खाते, (३) वसुलीचा आदेश यांची प्रत द्यावी. माझे म्हणणे सोबतच्या कागदपत्रांसह सादर करीत आहे. मला सुनावणीची संधी मिळेपर्यंत वसुलीची कार्यवाही स्थगित ठेवावी."

दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का द्यायला नाही म्हटलं तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात तीच माहिती मागा: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा; महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

भरायचेच असतील तर

पटवाऱ्याच्या हातात रोख देऊ नका, गावातल्या "मी भरून देतो"वाल्याच्या तर नाहीच. पीएम किसानच्या सरकारी संकेतस्थळावर परताव्याची सोय आहे, नाहीतर तहसीलनं लेखी दिलेल्या खात्यात भरा. व्हॉट्सअॅपवर आलेली पीएम किसान नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाईलमध्ये अॅप टाकणारी फाइल, उघडलीत तर खातंच रिकामं होईल. एकरकमी जमत नसेल तर कापूस विकल्यानंतरच्या तारखा लिहून हप्ते मागा.

बोजाचा फेरफार धरला तर त्याची नोटीस येते आणि हरकतीला १५ दिवस असतात; ते वाया घालवू नका. पैसे भरल्यावर पावती लावून बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, कारण तो आपोआप निघेल असं धरून चालता येत नाही. नंतर डिजिटल सहीचा सातबारा काढून "इतर अधिकार" रकाना स्वतः वाचा. हे एप्रिलच्या आत उरका, पीककर्जाला बँक तोच सातबारा मागते.