मुंबई टांकसाळीचा चांदीचा रुपया: पारख कशी करायची, किंमत कशी काढायची

देव्हाऱ्यातल्या डबीत राणीछाप रुपये निघाले की पहिला प्रश्न असतो, किती जुने आहेत? वयावरून किंमत फारशी ठरत नाही. आधी चांदी किती ते बघा, मग टांकसाळ आणि साल, आणि शेवटी झीज.

१८३५ ते १९३९ या सालांचा ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. नाण्याचं पूर्ण वजन, ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. आज पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, त्यामुळे सराफाशी बोलताना हिशेब ग्रॅममध्येच करा. १९४० पासून रुपया निम्म्या चांदीचा झाला: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. वजन तेच ठेवल्यामुळे नुसत्या काट्यावर फरक कळत नाही. यातल्या बहुतेक नाण्यांच्या कडेवर दातऱ्यांच्या मधोमध एक चर फिरलेला दिसतो. १९४७ चा रुपया तर निकेलचा, चुंबकाला चिकटतो.

घरच्या घरी चांदी तपासायची तर ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, पाण्याची वाटी आणि बारीक दोरा एवढं पुरे. आधी कोरड्या नाण्याचं वजन लिहून ठेवा. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा. तळाला किंवा कडेला लागता कामा नये. आता काटा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाचा काटा १.१३ च्या आसपास थांबतो आणि भागाकार १०.३ येतो. निम्म्या चांदीच्या रुपयाचा काटा १.२२ आणि भागाकार ९.५. पितळ, जर्मन सिल्व्हर (नावात चांदी, पण आत तांबं, निकेल आणि जस्त) वगैरे असेल तर भागाकार ९ च्याही खाली जातो. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले किंवा ते तळाला टेकलं, तर आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं ठरतं. म्हणून नाणं पाण्यात थोडं हलवून बुडबुडे घालवा आणि माप तीनदा घ्या. झिजलेलं नाणं ११.४ ग्रॅमपर्यंत उतरलेलं असू शकतं, पण भागाकार बदलत नाही. या पद्धतीचा खरा फायदा हाच.

टांकसाळीची खूण नेहमी मागच्या बाजूला (राजा-राणीचं चित्र नसलेल्या), तळाशी शोधा. त्यासाठी दहापट भिंग लागतं. व्हिक्टोरियाच्या मुंबईच्या रुपयांवर इंग्रजी बी अक्षर असतं, कधी उठावाचं, कधी खोदलेलं. काहींवर नुसता ठिपका. सातव्या एडवर्डच्या रुपयावर खोदलेला बी. पंचम जॉर्जच्या रुपयावर तळाच्या कमळाखाली एक बारीक उठावाचा ठिपका असला तर मुंबई, नसला तर कलकत्ता. हा ठिपका झिजून किंवा मळाने बुजूनही जातो, म्हणून घाईत कलकत्ता ठरवू नका. एल अक्षर दिसलं तर ते लाहोरचं. ती खूण १९४३ ते १९४५ च्या नाण्यांवर येते.

सालाच्या बाबतीत १८६२ चा रुपया फसवा आहे. तेच साल लिहिलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते, आणि मुंबईने ठिपक्यांच्या संख्येतून वर्षं वेगळी दाखवली. संग्राहक ते ठिपके मोजतात, तुम्हीही मोजा. १९१६ ते १९२० चे रुपये भरपूर मिळतात, कारण पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदीच्या रुपयांची गरज प्रचंड वाढली होती. १९१८ मध्ये अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानसाठी चांदी विकली. उलट मुंबईचे १९२१ आणि १९२२ चे रुपये कमी दिसतात. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, बहुतेक नाणी परत वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. १९३९ चा मुंबईचा रुपया फार दुर्मिळ, आणि नकली नाण्यांचा सुळसुळाटही त्याचाच. शेवटचा ९ भिंगातून नीट पाहा. आकड्याभोवतीची सपाट जागा घासलेली असेल, किंवा दातऱ्यांवर जोडाची रेघ असेल, तर हात लावू नका. राम दरबार किंवा हनुमान असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' हे नाणंच नाही. कंपनीने असं काही पाडलेलं नाही.

झीज बघताना पंचम जॉर्जच्या छातीवरचा हत्ती आणि व्हिक्टोरियाच्या पोशाखावरची नक्षी बघा. हे उंच भाग आधी पुसले जातात. हत्तीचा नुसता आकार राहिला असेल तर बहुतेक सालांना चांदीच्या भावावर थोडंसंच मिळतं. गळ्यातल्या हाराची कडी डाखलेली जागा आणि सराफाने मारलेले शिक्के किंमत मोठ्या प्रमाणात पाडतात.

चिंच, राख, टूथपेस्ट, सिल्व्हर डिप (चांदी उजळवायचं द्रावण) यांतलं काहीही लावू नका. घासल्याने बारीक ओरखडे पडतात आणि मूळ झळाळी जाते. ती परत येत नाही. हळदकुंकू आणि तेल चिकटलं असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून दूर, काही मिनिटं बुडवा. मग डिस्टिल्ड पाण्यातून काढा आणि मऊ कापडाने टिपा, पुसू नका. काळपट निळसर थर राहू द्या. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नाणी हिरवी, चिकट होतात. मायलरची (पॉलिएस्टर प्लास्टिकची) पाकिटं किंवा कडक कॅप्सूल वापरा, आणि दमट हवेत सिलिका जेल ठेवा.

किंमत काढताना पाया असा: चांदीचा किलोचा भाव भागिले १०००, गुणिले १०.६९ (१९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला ५.८३). त्यावर संग्राहकाची किंमत. ती ऑनलाइन मागितलेल्या आकड्यांवरून धरू नका. लिलावात त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं, त्याच अवस्थेचं नाणं प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा, आणि लिलावकर्त्याचं कमिशन त्यात धरलंय का तेही तपासा. व्यापारी त्याहून कमी देतो, कारण त्याला ते पुन्हा विकायचं असतं. तुमचा रुपया रिझर्व्ह बँक लाखांत घेणार आहे, आधी फी भरा, असा फोन आला तर फोन ठेवा. असे व्यवहार आपण करत नाही हे बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं, त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाला ते पाठवता येत नाही.