शेतात जायचं असो की ड्युटीवर, घरचा डबा रोज कसा जमवायचा

सोयाबीनची सोंगणी लागली की तिच्या मागंमागं कापूस येते वेचायला, आणि मग दिवाळीच्या आधीपासून थेट संक्रांतीपर्यंत सकाळी स्वयंपाकाला धड अर्धा तास मिळत नाही. कोणी सातला शेतात, कोणी साडेसातच्या एसटीनं तालुक्याला ड्युटीवर, पोरं शाळेत. मग चहा-टोस्टवर नाश्ता उरकते, डब्यात तेलात परतलेला आलू आणि पोळी, आणि संध्याकाळी सगळे थकून आले की नूडल्सचं पाकीट. मोबाईलवर पाहावं तं तिथं ओट्स आणि क्विनोआ, ते पाहून वाटते की चांगलं खाणं आपल्या बजेटचंही नाही आणि वेळेतलंही नाही. पण ज्वारी, तूर, मूग, जवस, फल्ली (भुईमूग), पालक हे सगळं आपल्याच जिल्ह्यात पिकते, बऱ्याच घरी तर कोठीतच आहे. गाडी अडते ती सकाळी उठल्यावर "आज काय करू" इथं. ते आदल्या रात्री ठरवून घ्या आणि भांडी आवरता आवरता पंधरा मिनिटं जास्तीचा हात चालवा, सकाळचं अर्धं काम तिथंच होऊन जाते.

रात्री काय करायचं ते सांगते. पहिलं म्हणजे काहीतरी भिजत टाकायचंच, मूग, मटकी, बरबटी (चवळी), चना, जे असेल ते, रोज वेगळं. आठ तासांत भिजते आणि सकाळी कुकरला लवकर शिजते, गॅस वाचते. मोड पाहिजे असतील तर सकाळी पाणी काढून कपड्यात बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी तयार, थंडीत मात्र एक दिवस जास्त लागते. दुसरं, पालेभाजी रात्रीच निवडून ठेवायची पण धुवायची नाही, ओली ठेवली तर सकाळपर्यंत काळी पडते, सुती कपड्यात गुंडाळून ठेवली की फ्रीज नसला तरी एक रात्र टिकते. आणि लसूण. लसूण सोलायचं काम टीव्ही पाहत बसलेल्या माणसाच्या हातात द्यायचं, नवऱ्याला, पोराला, कोणालाही. हे मी गमतीनं सांगत नाही, एकट्या बाईच्या जिवावर रोजचा चांगला स्वयंपाक कोणत्याच घरात टिकत नाही.

ज्वारीचं दळण थोडं थोडं आणा, आठ-दहा दिवस पुरेल एवढंच. पीठ जुनं झालं की चिकटपणा जाते, भाकर थापताना चिरते, मग माणूस कंटाळून पोळीकडे वळते आणि हळूहळू ज्वारी घरातून जातेच. रेशनवर गहू-तांदूळ मिळते, शेतात सोयाबीन-कपाशी आली, त्यामुळं ज्वारी आधीच कमी झाली आहे, पण आठवड्यातून चार दिवस तरी भाकर ठेवाच, फायबर भरपूर राहते आणि पोट बराच वेळ भरल्यासारखं वाटते. पीठ कोमट नाही, चांगल्या गरम पाण्यात भिजवायचं, आणि एकावेळी एकाच भाकरीचं मळायचं, हात बसला की एक भाकर थापून भाजायला चार-पाच मिनिटाच्या वर लागत नाही.

आता डाळभाजी, कारण माझ्या मते धावपळीच्या घरासाठी याच्यासारखी वस्तू नाही, डाळ, पालेभाजी आणि दाणे एकाच गंजात (पातेल्यात) येतात आणि वेगळी भाजी करायची गरजच राहत नाही. चार जणांसाठी एक वाटी तुरीची डाळ, दोन चमचे चन्याची डाळ, मूठभर फल्लीचे दाणे, हे तिन्ही धुऊन अर्धा तास भिजवा, रात्री फ्रीजमधी भिजवून ठेवलं तरी चालते. त्यात एक जुडी पालक मोठा मोठा चिरून, हळद, तीन वाट्या पाणी, आणि कुकरच्या चार शिट्ट्या. आंबट चुका टाकत असाल तर तो कुकरमधी डाळीसोबत टाकू नका, आंबटपणानं डाळ लवकर शिजत नाही, शिट्ट्यावर शिट्ट्या होतात तरी कणी राहते. चुका वेगळा चिरून ठेवायचा आणि फोडणीत टाकायचा. डाळ घोटून घ्या पण दाणे अख्खे राहू द्या. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, लसूण लाल झाला की चुका, तो विरघळल्यावर घोटलेली डाळ, मीठ, पाच मिनिटं खदखदू द्यायची. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. चुका नसला तर भेदरं (टमाटे) टाका, तेही फोडणीतच. सकाळी भाकरीसोबत, आणि उरली तर संध्याकाळी भातासोबत, पण त्या मधल्या वेळात फ्रीजमधी पाहिजे.

त्याच कुकरमधी डाळीच्या डब्यावर भाताचा डबा, आणि भाताच्या वर झाकणीत कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) चार फोडी नाहीतर शेवग्याच्या शेंगा ठेवता येतात. एक गॅस, एक कुकर, तीन वस्तू. फोडी नंतर थोड्या तेलात मेथीदाणा-मिरची घालून परतल्या की भाजी झाली, दोन मिनिटांत.

वरणाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे वरण रोज होते पण लई पातळ होते, माणसं जास्त असली की पाणी वाढते, डाळ तेवढीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जे आहाराचे नियम काढले त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात ८५ ग्रॅमच्या आसपास डाळी-कडधान्य सांगितलं आहे, कच्चं मोजून. म्हणजे चार जणांच्या घरात दिवसाला साडेतीनशे ग्रॅमजवळ. घरी अंडी, मटण-चिकन होत असेल तर त्यातलं काही कमी चालते. एकदा सकाळची डाळ वजनकाट्यावर मोजून पाहा, बहुतेक घरात याच्या निम्मीही निघत नाही. त्याच नियमांत भाजी ४०० ग्रॅम आणि धान्य अडीचशे ग्रॅम आहे, आपल्या ताटात बरोबर उलटं असते, भाताचा डोंगर आणि भाजी चमचाभर. हा हिशोब बसून काम करणाऱ्याचा आहे, दिवसभर निंदण करणाऱ्या बाईला भाकर जास्त लागणारच, तिनं भाकर कमी करू नये, डाळ आणि भाजी वाढवावी.

ज्या दिवशी डाळ भिजवायची राहून गेली त्या दिवशी चून, म्हणजे पिठलं. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, आधी फोडणीत कांदा, लसूण, मिरची, मग पाणी उकळून त्यात बेसन भुरभुरत सराट्यानं हलवत राहायचं, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ द्यायची, दहा मिनिटं. यात मूठभर मेथी, कांद्याची पात, नाहीतर कोवळी शेवग्याची पानं चिरून टाका. आलूच्या भाजीपेक्षा हे कितीतरी चांगलं, चन्याच्या डाळीचं प्रोटीन पोटात जाते आणि पोरं आवडीनं खातात.

भाजी विकत घ्यायची तर आठवडी बाजारातून पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवा, वांगे-ढेमसे त्यानंतर, आणि कोहळं, गाजर, पत्ताकोबी आठवड्याच्या शेवटाला, हा क्रम ठेवला की काही सडत नाही. पावसाळ्यात तर पैसे घालायचीही गरज नाही, पहिल्या पावसानंतर तरोटा येते, त्याची कोवळी पानं फुलोऱ्याच्या आधी तोडायची, उकळून पाणी पिळून टाकायचं आणि कांदा-लसणावर परतायची. नंतर काटवल, अंबाडी. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवून ठेवा, चैत्र-वैशाखात बाजारात हिरवं काही दिसत नाही तेव्हा तोच पाला डाळीत नाहीतर चुनात टाकायला कामी येते. पण एक लक्षात ठेवा, आता सोयाबीन-कपाशीत तणनाशकाची फवारणी सगळीकडे होते, धुऱ्यावरही मारतात, त्यामुळं ज्या वावरात काय फवारलं हे माहीत नाही तिथली रानभाजी तोडू नका, कितीही कोवळी दिसली तरी.

चटणी म्हणजे माझ्यासाठी डब्याचा अर्धा जीव आहे. एक वाटी जवस कढईत मंद आचेवर भाजा, तडतडायला लागलं की उतरवा, अर्धी वाटी तीळ वेगळे भाजा, आठ-दहा लाल मिरच्या आणि जिरं थोडं गरम करून घ्या, पंधरा-वीस लसणाच्या पाकळ्या कोरड्या परतून, मीठ घालून मिक्सरमधून जाडसर काढा. जवस अख्खं खाल्लं तर पुष्कळदा तसंच पोटातून निघून जाते, म्हणून दळूनच खायचं, त्यात ओमेगा-३, म्हणजे शरीराला लागणारी एक चांगली चरबी, आहे जी मासे न खाणाऱ्या घरात दुसरीकडून फारशी मिळत नाही. एकदम किलोभर करून ठेवू नका, जवसाचं तेल लवकर खवट होते, पंधरा दिवस पुरेल एवढंच, कोरड्या बरणीत, ओला चमचा घालायचा नाही.

सोयाबीनचंही बोलूच. क्विंटलनं विकतो आणि घरात एक दाणा शिजत नाही, हे मला खटकते, कारण त्यात तुरीच्या डाळीपेक्षाही कितीतरी जास्त प्रोटीन आहे. फक्त कच्चं वापरायचं नाही, कच्च्या दाण्यात प्रोटीन पचू न देणारं तत्त्व राहते, ते चांगल्या उष्णतेनंच जाते. रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी फेका, नवीन पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं खळखळ उकळा, टरफलं चोळून काढा, उन्हात कडक वाळवा, मग भाजून नऊ किलो गव्हात एक किलो या हिशोबानं दळणाला द्या. पोळीची चव बदलत नाही. आणि पेरणीचं उरलेलं बियाणं कधीच, कधीच घरात खायला घेऊ नका, त्याला बुरशीनाशक-कीटकनाशक लावलेलं राहते, धुऊनही जात नाही. ती थैली लेकरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

शेतात न्यायच्या शिदोरीत कोरडी वस्तू न्या, भाकर, घट्ट चून, चटणी, कांदा, काकडी. भात आणि पातळ वरण दुपारपर्यंत उन्हात ठेवू नका, शिजलेला भात गरम हवेत तासन् तास राहिला की त्यात असे जंतू वाढतात की पुन्हा गरम करूनही त्यांचं विष जात नाही, मग उलट्या-हगवण. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते, तेव्हा तर दोन तासही जास्त झाले. लाईन जात असेल तर एका वेळेपुरताच स्वयंपाक करा. उन्हाळ्यात सकाळी आंबील करून प्या, दोन चमचे ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवून सकाळी पाण्यात शिजवायचं, जिरं, लसूण, मीठ, थंड झाल्यावर आणखी ताक.

तेलाचं मोजायची सोपी पद्धत म्हणजे महिन्याचं मोजा. त्याच पोषण संस्थेच्या हिशोबानं माणशी दिवसाला २७ ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घरी महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास. पाच-सहा लिटर लागत असेल तर कुठं जाते ते पाहा, बहुतेक वेळा रश्श्यावरच्या तर्रीत आणि तळणात. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅम, लहान चमचाभर, आणि पापड, लोणचं, खारोड्या यातलंही त्यातच धरायचं. बीपीची गोळी सुरू असलेल्या माणसाच्या ताटात लोणचं रोज नको.

आणि बायांनो, आपल्या ताटाचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. सगळ्यांचं झाल्यावर गंजाच्या तळाशी उरलेल्या वरणावर आणि चटणीवर आपण जेवतो, भाजी तर तोवर संपलेलीच राहते. स्वयंपाक झाला की पहिले घरातल्या सगळ्यांचे वाटे काढायचे, त्यात स्वतःचाही, मग वाढायला घ्यायचं, सासूबाई काय म्हणतील याची काळजी नका करू, त्यांचाही वाटा त्यातच आहे. पालक, तीळ, कडधान्य खाताना लिंबू पिळा नाहीतर आवळ्याची फोड घ्या, लोह अंगी लागते, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, आधी-नंतर एक तास तरी सोडा, चहानं ते लोह अडते. एवढं करूनही दम लागत असेल, चक्कर येत असेल तर आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून गोळ्या घ्या, फक्त भाजीवर ते लवकर भरत नाही.

शाळेतून आलेल्या पोरांना पाकिटाऐवजी डब्यात काढून ठेवलेले फुटाणे, मुरमुरे, फल्ली-गूळ, उकडलेलं अंडं, असं काहीही समोर ठेवा. समोर दिसलं की तेच खातात.

आणि एखाद्या दिवशी काहीच जमलं नाही, भिजत टाकलं नाही, भाजी नाही, कंबर मोडली आहे, तर खिचडी. तांदूळ एक वाटी आणि मुगाची डाळही एक वाटी, बरोबरीनं, डाळ कमी करायची नाही. कुकरमधीच एक चमचा तेल, जिरं, लसूण, कांदा, मूठभर दाणे, कोहळं-गाजर जे असेल ते चिरून, हळद, मीठ, डाळ-तांदूळ, पाच-सहा वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्या, ताटात वाढल्यावर वरून लिंबू आणि चमचाभर जवसाची चटणी.